मंडळीचा दाखला: नगरहून पुण्याला, व्हाया जालना

२०२४ साली आम्ही चौघांनी, म्हणजे मी, नवरा आणि दोन मुलं, आपलं मंडळीचं, म्हणजे स्थानिक चर्चचं, सभासदत्व नगरहून पुण्याला बदलून घेतलं. फेब्रुवारीत अर्ज दिला आणि नोव्हेंबर संपता संपता नावं लागली. मधल्या काळात कुठे काय अडलं, कोण रागावलं, किती खर्च आला, हे लिहून ठेवतेय. कारण आमच्यासारखे पुष्कळ आहेत. नोकरीपायी शहरात येऊन पंधरा-वीस वर्षं झालीत, दर रविवारी घराजवळच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) उपासनेला जातात, पण "तुमची मंडळी कुठली?" विचारलं की तोंडात अजून गावाचंच नाव येतं. आणि कागदावरही तेच असतं.

आमची गुंतागुंत आधी सांगते. माझं माहेर जालना, सासर नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर), आणि घर चिंचवडला. जालन्याकडची मंडळी मुळात स्कॉटिश मिशनची. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, आईचं घराणं तिकडचं. नगरला अमेरिकन मराठी मिशन, त्यांचं काम तिथे १८३१ पासून. म्हणजे आम्ही प्रेस्बिटेरियन आणि सासरचे काँग्रिगेशनल, प्रोटेस्टंटांचे दोन वेगळे पंथ. १९२४ साली हे दोन्ही प्रवाह एका संयुक्त मंडळीत आले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ती संयुक्त मंडळीही आली. या इतिहासाचा मला झालेला फायदा असा की २००५ साली लग्न झालं तेव्हा जालन्याचा सभासदत्वाचा दाखला नगरला एका लिफाफ्यात पोचला आणि विषय संपला. लग्नाच्या कागदांबरोबर तो लिफाफा आमच्या पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, सासऱ्यांच्या हातात दिला होता. त्यात काय लिहिलंय ते मी वाचलंही नव्हतं.

लग्नानंतर दोनेक वर्षांत नवऱ्याला चिंचवडला नोकरी लागली. तेव्हापासून इथेच. मुलांचे बाप्तिस्मे मात्र नगरला, सासऱ्यांच्या आग्रहाखातर. वर्गणी नगरला, नाताळ नगरला. इथल्या देवळात आम्ही कायमचे पाहुणे. दानपेटीत पैसे टाकायचे, प्रीतिभोजनाला भांडी घासायला हात लावायचा, पण वार्षिक सभेला मत नाही. नाताळच्या कॅरोलला टोळी आमच्या सोसायटीत यायची ती खालच्या मजल्यावरच्या सभासदांकडे, आणि आम्ही वरून उतरून त्यांच्यात सामील व्हायचो. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मनात पक्कं होतं की आपलं खरं देऊळ नगरला आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नगरची उपासना ऑनलाइन सुरू झाली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी सासरे कुटुंबाच्या ग्रुपवर लिंक टाकतात. आम्ही चिंचवडला, दीर मेलबर्नला, आणि सगळ्यांच्या फोनवर तेच व्यासपीठ, तोच मागचा पडदा. त्यामुळे गाव सुटलंय असं वाटायचंच नाही.

मग बदल का केला? दोन कारणं.

पहिलं, लेकीचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलानं कळत्या वयात आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याचा विधी. ती पंधरा वर्षांची झाली. इथल्या मंडळीत दृढीकरणाचा वर्ग सुरू होणार होता आणि तिच्या मैत्रिणी त्यात होत्या. फॉर्म आणला. त्यात एक रकाना होता: पालकांचा सभासद क्रमांक. तो रिकामा ठेवून दिला तर सेक्रेटरींनी फोन करून नम्रपणे सांगितलं की वर्गाला बसू दे, पण बिशपसाहेबांकडे जी यादी जाते तिच्यात सभासदांचीच मुलं असतात. "दाखला आणा, आमची काही हरकत नाही."

दुसरं कारण सांगायला जड जातं. जानेवारीत आमच्या ओळखीतले एक गृहस्थ गेले. श्रीरामपूरकडचे, तीस वर्षं या शहरात. संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरच्यांनी फोनाफोनी सुरू केली तर पहिला प्रश्न आला, कुठल्या मंडळीचे सभासद? इथल्या कुठल्याच नाहीत. शहरात दफनभूमीची जागा इतकी अपुरी की काही वर्षांनी त्याच कबरी पुन्हा उघडतात, तेव्हा यादीत नाव असलेल्यांना आधी जागा देतात, हे समजण्यासारखं आहे. पण अशा वेळी ते कानावर पडणं वेगळं. शेवटी रात्री अँब्युलन्स करून मयत गावाकडे नेली. तिकडे निम्मं गाव जागं होतं, कबर खणून तयार होती. गावानं त्यांना सांभाळलं. त्यांची मुलं मात्र इथे वाढलेली, त्यांना तिथे कोणी ओळखत नव्हतं. त्या रात्री घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आपण कागद करून टाकू."

म्हणाला खरं. पण पप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगायला त्याचा धीर होईना. पप्पा निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, बरीच वर्षं नगरच्या मंडळीत पंच, म्हणजे कारभार बघणाऱ्या कमिटीचे सदस्य, होते. शेवटी ११ फेब्रुवारीच्या रविवारी उपासनेनंतर मीच फोन केला. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "लेकीचं दृढीकरण इथं करू की. मी बोलतो पाळकसाहेबांशी." मी म्हटलं, "पप्पा, वर्ग दर शनिवारी असतो. दर शनिवारी ती नगरला कशी येईल?" त्यावर, "बरं, मुलीचा ने. तुमची नावं कशाला काढता?" मी दफनभूमीचं बोलले नाही, पण त्यांना ते कळलं असावं, कारण पुढचं वाक्य त्यांचं होतं: "माझ्या आई-बापाच्या कबरी इथं आहेत. तुमची नावं इथं नसली तर उद्या गेटाची किल्ली कोणाकडे मागाल?"

फोन मम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी, घेतला. स्पीकरवर होता, त्यामुळे त्या पप्पांना काय म्हणाल्या ते मी ऐकलं. "हिनं जालन्याचा दाखला आणला तेव्हा आपण पेढे वाटले. तिच्या बापानं केला होता का असा फोन?"

मी एकोणीस वर्षं या घरात आहे आणि हा विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता. आमच्या घराण्यांतली प्रत्येक बाई मंडळी बदलून आलेली आहे. मम्मी स्वतः संगमनेरहून आल्या. आजेसासूबाई वांबोरीकडून. त्यांना कोणी विचारलं नाही की आपल्या देवळाशी तुमची निष्ठा कुठे गेली. नोकरीसाठी गाव सोडणारे पुरुष वाढले तसा आता हा प्रश्न 'आजच्या पिढीचा' झाला, एवढंच. मी हे पप्पांना कधी बोलून दाखवलं नाही. मम्मींनी दाखवलं ते पुरे होतं.

कागदांचं सांगते. इथल्या मंडळीनं मागितलं ते असं: जुन्या मंडळीचं सभासदत्व बदलीचं पत्र, पाळक आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्यांचं आणि शिक्क्याचं, चौघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, आम्हा दोघांचे दृढीकरणाचे दाखले, लग्नाचा दाखला, वर्गणीची बाकी नसल्याची नोंद, आधार, प्रत्येकी दोन फोटो. तुमची जुनी आणि नवी मंडळी एकाच चर्चची असतील तर इतकं पुरतं. एकाकडून दुसऱ्या संप्रदायात जात असाल, उदाहरणार्थ मेथॉडिस्टांकडून आमच्याकडे किंवा उलट, तर पाळकांना आधी भेटा आणि काय लागेल ते लिहून घ्या. काही ठिकाणी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगतात, तो निर्णय मग कागदाचा राहत नाही.

आमच्या शेजारीण वसईच्या, कॅथलिक. त्यांना माझी धावपळ बघून नवल वाटायचं. त्यांच्याकडे तुम्ही कायमचं राहायच्या इराद्यानं जिथे घर करता, त्या भागाचा पॅरिश, म्हणजे तिथलं स्थानिक चर्च, तुमचा. कॅनन कायद्यात, म्हणजे त्यांच्या चर्चच्या कायद्यातच, तसं आहे. दाखला हलवायची गरज नाही. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. माणूस कुठेही गेला तरी त्याचं दृढीकरण, त्याचं लग्न, याची नोंद जिथे बाप्तिस्मा झाला त्या देवळाच्या वहीत कळवावी लागते. त्यांच्या बहिणीचं लग्न टोरांटोला झालं आणि त्याची ओळ वसईच्या वहीत आहे. आमच्यात असं असतं तर पप्पांना जरा बरं वाटलं असतं.

अर्ज १८ फेब्रुवारीला नगरला प्रत्यक्ष नेऊन दिला. पोच घेतली. ही पोच जरूर घ्या, दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख, कारण पुढे तीच कामाला आली. अर्जात कारण मोजकं लिहा. आम्ही लिहिलं होतं: "नोकरीनिमित्त चिंचवड येथे कायम वास्तव्य असल्याने व मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी." एवढंच. कोणाविषयी तक्रार नाही, खुलासा नाही. पंच कमिटीत अर्ज मोठ्यानं वाचतात आणि बाकावर बसलेल्यांत तुमचे चुलत सासरे असतात.

सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या कमिटीत ठेवतो. पुढची कमिटी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात, आली. चाळीस दिवसांत घरोघरी प्रार्थनासभा, कमिटीला वेळ नाही. ३१ मार्चला ईस्टर झाला. एप्रिलमध्ये कमिटी बसली, तिथे वर्गणीचा प्रश्न निघाला. २०२० आणि २०२१ ची आमची वर्गणी खातेवहीत दिसत नव्हती. आम्ही ती यूपीआयनं पाठवली होती, तेव्हाच्या खजिनदारांच्या वैयक्तिक नंबरवर, कारण लॉकडाऊनमध्ये सगळेच तसं करत होते. त्यांनी ती मंडळीच्या खात्यात भरलीही होती, पण एकगठ्ठा, नावांशिवाय. आता नवे खजिनदार. नवऱ्यानं बँकेचं जुनं स्टेटमेंट काढलं, त्यातल्या ओळींवर रंगीत पेन फिरवून प्रत पाठवली. सुटला तो प्रश्न, पण त्यात महिना गेला. वर्गणी ऑनलाइन भरत असाल तर शेऱ्यात नाव आणि वर्ष लिहा. साधी गोष्ट आहे, कोणी करत नाही.

मेमध्ये लोकसभा निवडणूक. नगर, जालना, पुणे, मावळ, सगळीकडे १३ मेला मतदान. नवऱ्याचं आणि माझं नाव मतदारयादीत केव्हाच चिंचवडला आलेलं, फॉर्म ८ ऑनलाइन भरून. तेव्हा पप्पांना काही वाटलं नव्हतं. मतदान करून बोटाचा फोटो ग्रुपवर टाकला तर दिरानं मेलबर्नहून विचारलं, "दाखल्याचं काय झालं?" त्यावर पप्पांनी उपासनेची जुनी लिंक टाकली. बहुतेक चुकून.

निवडणुकीनंतर शाळा सुरू व्हायच्या आत मी मुलांना घेऊन जालन्याला गेले. माझा बाप्तिस्म्याचा दाखला तिथून आणायचा होता. लग्नात सगळे कागद दिले असं आई म्हणत होती, पण घरात तो सापडला नाही. वाटेत नगरला उतरून मम्मी-पप्पांना घेतलं. पप्पांनीच हट्ट धरला, "मी येतो, जुन्या वह्या कशा बघायच्या मला माहीत आहे." एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरच्या पुढच्यांना पूर्ण माफी, तेव्हा आमची वरात स्वस्तात गेली. आधार सोबत ठेवा, कंडक्टर बघतात.

जालन्याला पाळकसाहेबांनी कपाटातून वही काढली. कापडी पाठीची, कडा झिजलेल्या. साल सांगितलं की पान सापडतं, पण माझं सापडेना. मी जन्मतारखेनंतरची पानं चाळत होते. माझी आधारवरची जन्मतारीख १ जून १९८१. पप्पा म्हणाले, "१ जून ना? मागं बघ." शिक्षक होते ते, त्यांनी स्वतः कित्येक पोरांना १ जून लावलेली. मागे गेलो आणि सापडलं: १९ एप्रिल १९८१, ईस्टरचा रविवार. जन्म फेब्रुवारीतला. म्हणजे सरकारच्या हिशेबानं मी जन्मायच्या आधीच माझा बाप्तिस्मा झाला होता. पाळकसाहेब हसून हसून दमले, पण दाखल्यावर वहीतलीच तारीख येणार म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

मग प्रतिज्ञापत्र. दोन्ही तारखा एकाच व्यक्तीच्या असल्याचं १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसकट सगळे मिळून साडेतीनशे रुपये. (ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं १०० रुपयांचं मुद्रांक शुल्क ५०० केलं, तेव्हा आज करणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.) तुमचीही जन्मतारीख १ जून असेल तर हे गृहीत धरूनच निघा. आणि दाखल्याच्या दोन मूळ प्रती घ्या, वहीच्या पानाचा फोटो काढायची परवानगी मागा. आम्हाला एका प्रतीचे शंभर रुपये पडले. प्रत्येक मंडळीचा दर निराळा.

पाळकसाहेब दाखला लिहीत होते तोवर खजिनदार आले. आईनं ओळख करून दिली. ते म्हणाले, "हो, ताईंची पावती असते की दरवर्षी." मला कळेना. त्यांनी वर्गणीची वही उघडून दाखवली. दादाच्या कुटुंबाच्या खाली माझं माहेरचं नाव, पुढे रक्कम, पुढे 'दान' अशी खूण. मागच्या वर्षी. त्याच्या मागच्या वर्षी. वह्या जितक्या मागे होत्या तितक्या मागे. मी सभासद नसल्यामुळे वर्गणी म्हणून घेता येत नव्हती, तर आई दान म्हणून भरत होती. वहिनीला माहीत होतं, दादाला नव्हतं.

मी आईला विचारलं, कशासाठी? तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "प्रार्थनेत नावं वाचतात ना वर्गणीच्या यादीतली, वर्षाच्या शेवटच्या रात्री. तुझं गाळलेलं मला ऐकवत नाही."

पप्पा बाजूला उभे होते. ते काही बोलले नाहीत. पण परतीच्या प्रवासात संभाजीनगरच्या स्टँडवर चहा घेताना त्यांनी मला नगरच्या कमिटीचे नियम समजावून सांगायला सुरुवात केली. कुठल्या पंचाला आधी भेटायचं, ठरावाची भाषा कशी असावी, तातडीची कमिटी कशी मागायची. त्या दिवसापासून अर्जाचा पाठपुरावा माझ्याऐवजी ते करू लागले.

तरीही वेळ लागलाच. जूनमध्ये नगरच्या पाळकसाहेबांची बदली झाली. गंमत अशी की दर काही वर्षांनी पाळकांच्या बदल्या होतात, त्यांचं सामान टेम्पोत भरून जातं आणि निरोप समारंभात त्यांच्या निष्ठेचं कौतुक होतं. नवे पाळकसाहेब जुलैअखेर रुजू झाले. त्यांना आम्ही कोण हे माहीत नव्हतं आणि ओळख नसलेल्यांच्या बदलीपत्रावर सही करायला ते तयार नव्हते, यात मला तरी काही गैर वाटलं नाही. पोच दाखवली. बँकेचं स्टेटमेंट दाखवलं. त्यांनी एकदा चौघांनी भेटायला या म्हणून सांगितलं. ऑगस्टमध्ये गेलो. अर्धा तास त्यांनी मुलांशीच गप्पा मारल्या, लेकीला विचारलं तुला दृढीकरण का घ्यायचंय, आणि ती म्हणाली, "माझ्या मैत्रिणी घेतायत." खोलीत शांतता. मग पाळकसाहेब म्हणाले, "प्रामाणिक आहे."

तोवर लेकीची वर्षातली पहिली संधी हुकली होती. तिच्या वर्गातल्या बाकीच्यांचं दृढीकरण एप्रिलमध्ये झालं, ती बाकावरून बघत होती. पुढची तारीख डिसेंबरात. मुलांच्या दृढीकरणासाठी हे करत असाल तर किमान वर्षभर आधी सुरुवात करा. कमिटी महिन्यातून एकदा बसते आणि वर्षातले निम्मे महिने काही ना काही असतंच.

सप्टेंबरच्या कमिटीत ठराव झाला. पप्पांच्या सल्ल्यानं आम्ही त्यासोबत वेगळा अर्ज दिला होता: घराण्याच्या कबरींच्या देखभालीचा वार्षिक निधी आम्ही भरत राहू, त्याची पावती कुटुंबाच्या नावानं मिळावी. दोन मंडळ्यांच्या मतदारयादीत नाव ठेवता येत नाही, ते योग्यही आहे. पण कबरींची जबाबदारी कार्यवृत्तात लिहून घेता येते, तशी आम्ही घेतली. गावाकडे ज्यांच्या कबरी आहेत त्यांनी हे विसरू नये. तोंडी "आहेच की आपलं" असं सगळे म्हणतात, आणि म्हणणारी माणसं बदलतात.

पत्र हातात मिळालं २० ऑक्टोबरला. मुद्दाम तो रविवार धरला, कारण त्या दिवशी हंगामाची उपकारस्तुती होती. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: लोक शेतातलं, घरातलं काही ना काही वेदीपुढे आणतात, ज्वारीची ताटं, भोपळे, अंडी, कोंबड्या, घरचं लोणचं, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. पैसे मंडळीला. खरी रंगत शहरातून आलेल्यांची. पुण्या-मुंबईची मुलं एका लिंबाला पाचशे बोलतात, मुद्दाम एकमेकांवर चढतात, आणि घेतलेली वस्तू पुन्हा लिलावाला ठेवतात. वर्षभर न आल्याची भरपाई त्या तासाभरात होते, असं मम्मींचं मत आहे. मला ते थोडं खरं वाटतं आणि थोडं कडू. येऊन एक लिंबू हजाराला घेणं सोपं. वर्षभर दर रविवारी येऊन सतरंज्या घालणं, ते इथे राहिलेल्या आठ-दहा घरांवर पडलंय आणि त्यांची कोणी बोली लावत नाही.

ह्याच्या-त्याच्याकडून आमची बातमी सगळ्यांना पोचली होती. नवऱ्यानं एका भोपळ्यावर बोली सुरू केली तर मागून एका काकांचा आवाज आला, "दाखला नेला, भोपळा तरी ठेव रे!" अंगण हसलं. नवऱ्याचा चेहरा उतरला होता, तो बोली वाढवत गेला. शेवटी दीड हजाराला तो भोपळा आमचा झाला. पप्पांनी तो उचलून परत टेबलावर ठेवला आणि स्वतः अकरा रुपयांपासून बोली सुरू केली.

पुण्यात पुढचं भराभर झालं. कागद दिले, नोव्हेंबरच्या कमिटीत मंजुरी, २४ नोव्हेंबरला उपासनेत नावं वाचली. आम्ही उभे राहिलो, टाळ्या झाल्या. मागच्या बाकावरच्या एक मावशी म्हणाल्या, "अय्या, तुम्ही अजून नव्हतात का?" पुढच्याच आठवड्यात महिला मंडळाकडून नाताळच्या करंज्यांची जबाबदारी आली. ८ डिसेंबरला लेकीचं दृढीकरण झालं. मम्मी-पप्पा आले होते. पप्पांनी नगरच्या ग्रुपवर आमच्या इथल्या उपासनेची लिंक टाकली, खाली एक शब्दही न लिहिता.

एकूण खर्च विचाराल तर दाखले, प्रतिज्ञापत्र आणि झेरॉक्स मिळून हजाराच्या आसपास. प्रवास आणि तो भोपळा वेगळा. नव्या मंडळीची वर्षाची वर्गणी ऐपतीप्रमाणे, तिचा फॉर्म वेगळा असतो, तो लगेच भरून टाका, नाहीतर मतदारयादीत नाव यायला आणखी एक वर्ष जातं.

दिरानं मेलबर्नहून अर्जाचा नमुना मागवलाय. त्याला पाठवला आहे. सोबत नगरच्या सेक्रेटरींचा नंबर दिला आणि पप्पांना आधी स्वतः फोन कर, बायकोला करायला लावू नकोस, असं मुद्दाम लिहिलं.

जानेवारीत आई जालन्याच्या देवळात वर्गणी भरायला गेली. खजिनदार म्हणाले, "मावशी, ताईंचं नाव आता पुण्याला लागलं ना? मग हे कशाला?" आई म्हणाली, "नगरला होतं तेव्हा घेत होता की. घ्यायचे का नाही तेवढं सांगा, मला बस गाठायचीय." पावतीचा फोटो वहिनीनं मला पाठवला.